शाळा नऊची, गाडी साडेसातची : मधल्या वेळेतलं मूल कोणाकडे?

मानपाडा_नाका (धागालेखक) | रविवार, सकाळी १०:२०

विषय ठाणे आणि नवी मुंबईपुरताच ठेवू या, म्हणजे चर्चा नेमकी होईल.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं. लहान मुलांच्या झोपेचा विचार केला तर निर्णय योग्यच आहे. पण कासारवडवली, ओवळ्याहून बीकेसी किंवा लोअर परळला जाणाऱ्यांना साडेसातला घर सोडावं लागतं. शाळा सातची होती तेव्हा मूल गेटवर सोडून पुढे जाता यायचं; प्रश्न फक्त दुपारचा होता. आता वेळ दोन्हीकडून उघडी पडली आहे. सकाळी दीड-पावणेदोन तास आणि दुपारी अडीचपासून संध्याकाळी सव्वासातपर्यंत.

माझं म्हणणं असं की शाळांनी आपल्याच प्राथमिकच्या मुलांसाठी आपल्याच इमारतीत शाळेआधी आणि शाळेनंतर सांभाळण्याची सोय करावी. सक्ती नको, वेगळं शुल्क चालेल, आणि शिक्षकांवर हे काम टाकायचं नाही. मोठा फायदा एकच, पण तो फार मोठा आहे : भर दुपारी मुलाला व्हॅनमधून तिसऱ्या ठिकाणी न्यावं लागत नाही. दिवसभरात मूल जितक्यांदा एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तितक्यांदा चूक व्हायची शक्यता असते.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना ही गरज नाही, हे मान्य. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांच्याबद्दल बोलू. जागा, माणसं, पैसे, जबाबदारी, ज्याला जे माहीत आहे ते सविस्तर लिहावं.

फळा_खडू | रविवार, सकाळी ११:०५

शाळेच्या व्यवस्थापनाच्या बाजूने लिहितो. पहिला अडसर पैशाचा नाही, वर्गखोल्यांचा आहे.

नौपाडा, चरई, पाचपाखाडी, वागळे भागातल्या जुन्या शाळा बघा. बहुतेक दोन सत्रांत चालतात. सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक, नाहीतर उलट. साडेबाराला एक सत्र सुटतं आणि पावणेएकला त्याच बाकांवर दुसरं बसतं. मधल्या पंधरा मिनिटांत झाडू मारून होतो, तोही घाईत. अशा इमारतीत दुपारी दोन ते सहा एकही खोली रिकामी नसते. तिथे ही सोय करायची म्हणजे हॉल, वाचनालय किंवा चित्रकलेचा वर्ग अडवायचा. हॉल अडवला की पावसाळ्यात पीटीचा तास जातो.

घोडबंदर पट्ट्यातल्या आणि खारघर, सीवूड्स, उलव्याच्या नव्या शाळा एकसत्री आहेत. तिथे अडीचनंतर खोल्या मोकळ्या असतात. म्हणून ‘सगळ्या शाळांना सक्ती करा’ हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात एकसत्री शाळांपासूनच सुरुवात होऊ शकते.

आता मोकळी खोली म्हणजे काय, तेही लिहितो. साधारण वर्गखोली २० बाय २५ फुटांची, म्हणजे ५०० चौरस फूट. त्यात वीसएक बाकं. बाकं न हलवता तीस मुलं बसू शकतात. खेळू किंवा झोपू शकत नाहीत. दर मुलामागे किमान २५ चौरस फूट मोकळी जमीन धरली तर तीस मुलांना ७५० लागतात, म्हणजे दोन खोल्या. रोज बाकं सरकवायची आणि पुन्हा लावायची म्हणजे अर्धा तास आणि दोन माणसं, शिवाय बाकांचे पाय आणि फरशी दोन्ही खराब. त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन खोल्या कायमच्या वेगळ्या काढता येत असतील तरच शाळेने होकार द्यावा. तळमजलाच का? संध्याकाळी वरचे मजले कुलूपबंद करता आले पाहिजेत. जिन्यांवर आणि गच्चीकडे जाणाऱ्या दारांवर लक्ष ठेवायला त्या वेळी माणसं नसतात.

स्वच्छतागृह खोलीच्या दारातून दिसेल इतकं जवळ हवं. आणि ते संध्याकाळी चारला पुन्हा धुतलं गेलं पाहिजे. शाळेच्या सफाईची पाळी साधारण तीनला संपते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही.

सेक्टर_सतरा | रविवार, सकाळी ११:४०

हे काम शाळेवर कशाला? ज्या आस्थापनेत पन्नास किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघर हवं, हे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आलंच आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही त्यात आहे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, सगळीकडे एवढ्या कंपन्या आहेत. आधी त्यांच्याकडून अंमलबजावणी करून घ्या.

मानपाडा_नाका | रविवार, दुपारी १२:१०

अंमलबजावणी व्हायलाच हवी. पण ती तरतूद तान्ह्या मुलासाठी उपयोगी आहे. दुसरीतलं मूल शाळेला जातं कोलशेतला आणि आईचं ऑफिस आहे बीकेसीत. अडीचला शाळा सुटल्यावर त्याला बीकेसीच्या पाळणाघरात पोचवणार कोण? ऑफिस घराजवळ असेल तर ठीक, पण मग प्रश्नच निम्मा होतो. चार ते दहा वर्षांची मुलं दुपारी असतात शाळेजवळ, म्हणून सोयही शाळेजवळच हवी.

हिशेबवही | रविवार, दुपारी २:३०

आकडे मांडतो. पगार गृहीत धरलेले आहेत, किमान वेतनाचा चालू दर बघून ते बदलावेत. पण गणिताची रीत हीच राहील.

तीस मुलं, वय चार ते दहा. महिन्याला बावीस दिवस. एक समन्वयक २४,०००. तीन ताई, प्रत्येकी १६,००० म्हणजे ४८,०००. एक मावशी १४,०००. संध्याकाळच्या सुरक्षारक्षकाचा वाटा ६,०००. झाले ९२,०००. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसीचा मालकाचा हिस्सा मिळून १४,००० धरा. वीज, पाणी, जादा सफाई ८,०००. खेळ, कागद, रंग, प्रथमोपचार, विमा ४,०००. रजेवर गेलेल्या ताईच्या जागी बदली माणूस आणायला राखीव ७,०००. एकूण स्थिर खर्च १,२५,०००.

खाणं दर मुलामागे दिवसाला ४५ रुपये, म्हणजे महिन्याला ९९०.

तीसच्या तीस जागा भरल्या तर दर मुलामागे खर्च ५,१५७. बावीसच भरल्या तर ६,६७२. शुल्क ६,००० ठेवलं तर पंचविसाव्या मुलाला खर्च निघतो. तिथेच बऱ्याच शाळांचं गणित फसतं : जूनमध्ये तीस नावं येतात, दिवाळीनंतर पाचसहा गळतात, पगार मात्र तेवढेच राहतात. म्हणून नोंदणी सत्राची घ्यावी, महिन्याची नाही. सोडायचं असेल तर एक महिन्याची सूचना. आणि ‘आठवड्यातून दोनच दिवस येणार’ अशा जागा पाचाच्या वर देऊ नयेत.

रजेचा राखीव निधी कापायचा मोह सगळ्यांना होतो. तो कापू नका. एक ताई आली नाही की उरलेल्या दोघींवर पंधरा-पंधरा मुलं येतात, आणि त्यातली चार वर्षांची असतील तर तो दिवस धोक्याचा असतो.

उपवन_काठ | रविवार, दुपारी ३:१५

हिशेब छान मांडलाय, पण पाळ्या लावून बघितल्यात का? सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत साडेबारा तास होतात. एक ताई सात ते तीन आणि बाकी सगळे साडेअकरा ते साडेसात असं धरलं, तर दुपारचं जमतं. केजीची मुलं बाराला येतात, प्राथमिकची अडीचला. पण सकाळी सात ते नऊ इमारतीत मुलांबरोबर एकच मोठी व्यक्ती उरते. हे कधीच चालणार नाही. एका मुलाला उलटी झाली तर बाकीच्यांकडे कोण बघणार? आणि मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड नसावं, हा नियम तर पहिलाच. गेटवरचा रक्षक यात मोजू नका, त्याला गेट सोडता येत नाही.

हिशेबवही | रविवार, दुपारी ४:००

बरोबर पकडलंत. मग सकाळसाठी दुसरी ताई धरावीच लागेल. पगार आणि हिस्सा मिळून १८,५०० वाढतात, स्थिर खर्च होतो १,४३,५००. त्याच ६,००० शुल्कात आता २९ मुलं लागतात. तीसपैकी एकोणतीस म्हणजे मोकळीक काहीच नाही.

उपाय असा सुचतो की सकाळचं शुल्क वेगळं ठेवा. बऱ्याच घरांत संध्याकाळी कोणीतरी लवकर येतं, त्यांना फक्त सात ते नऊ हवं असतं. अशा पंधरा मुलांकडून दीड-दीड हजार घेतले तर २२,५०० होतात आणि सकाळच्या ताईचा खर्च निघून थोडे उरतात. सकाळी खाणं द्यायचं नाही, मूल घरून खाऊन येईल. आणि या दोघी नऊ ते दोन केजीच्या वर्गांना मदतनीस म्हणून शाळेलाच हव्या असतात. शाळेने तेवढा पगाराचा वाटा उचलला तर गणित आणखी सुटतं. सकाळी दोन तास, मग सुट्टी, मग संध्याकाळी चार तास, अशी तुटक पाळी मात्र कोणाला देऊ नका. त्यावर माणसं टिकत नाहीत आणि दर तीन महिन्यांनी मुलांसमोर नवा चेहरा येतो.

हजेरीपट | रविवार, रात्री ९:१०

पैसे आणि जागा यावर चर्चा होते, पण गडबड होते ती अडीच ते पावणेतीनच्या पंधरा मिनिटांत. त्यावर सविस्तर लिहिते.

शाळा सुटताना चार प्रकारची मुलं एकाच दारातून निघतात : स्कूलबसची, व्हॅनवाल्या काकांची, पालक न्यायला आलेली आणि डे-केअरची. वर्गशिक्षिका रजेवर असेल आणि बदली शिक्षिका असेल तर तिला कोण कुठे जातं हे माहीत नसतं. नेमकं त्याच दिवशी डे-केअरचं मूल सवयीने मैत्रिणीबरोबर बसमध्ये चढतं.

म्हणून मुलाने स्वतः डे-केअरच्या खोलीत चालत जायचं नाही. ताईने वर्गाच्या दारात यायचं. तिच्या हातात त्या दिवसाची छापलेली यादी हवी, जुन्या वहीतली नाही, कारण मंगळवारी बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी मुलं वेगळी असतात. दारात नाव घेऊन मूल ताब्यात घ्यायचं, वेळ टाकायची, शिक्षिकेची सही घ्यायची. आयकार्डाच्या पट्ट्याचा रंग वेगळा ठेवला तर बसच्या ताईलाही मूल लांबून ओळखू येतं. सगळ्या वर्गांतून मुलं आणली की खोलीत मोजणी, आणि समन्वयकाने आकडा मोठ्याने म्हणून फळ्यावर लिहायचा. फळ्यावर ‘२७’ असेल आणि खोलीत सव्वीस दिसली तर तिथल्या तिथे कळतं.

यादीत नाव आहे पण मूल वर्गात नाही, असं झालं तर आधी शाळेची सकाळची हजेरी बघायची. मूल आज आलंच नव्हतं तर पालकांना संदेश टाकून खात्री करायची. आलं होतं आणि आता नाही, तर गेट बंद, बस थांबवायच्या आणि त्याच मिनिटाला पालकांना फोन. ‘पाच मिनिटं शोधू, मग कळवू’ असं करायचं नाही. तोवर बस माजिवड्याच्या पुलावर पोचते.

संध्याकाळी मूल सोडतानाही हाच काटेकोरपणा. प्रवेशाच्या वेळी न्यायला येणाऱ्या चार जणांची नावं आणि फोटो घ्यावेत. पाचवं कोणी आलं तर नोंदवलेल्या क्रमांकावर आपण फोन करायचा. आलेल्या माणसाने लावून दिलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. अठराच्या आतल्या ताई-दादाच्या हाती मूल देऊ नये. आईवडील वेगळे राहत असतील तर ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत फायलीत हवी. आदेश नसेल तर डे-केअरने दोघांपैकी एकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्याला अडवू नये, आणि ही गोष्ट प्रवेशाच्याच दिवशी दोघांना लेखी सांगावी.

घणसोली_पूर्व | रविवार, रात्री ९:४५

अतिशय उपयुक्त प्रतिसाद. उशिरा येणाऱ्या पालकांचं काय करायचं? सव्वासातला बंद म्हटलं तर पावणेआठपर्यंत कोणी ना कोणी येतच राहतं. दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड ठेवला तर?

हजेरीपट | रविवार, रात्री १०:०५

दंडाने उलटंच होतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर याचा प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांत उशिराला छोटा दंड लावला, तर तिथे उशीर करणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी साधारण दुप्पट झाले. दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. आधी उशीर झाला की ताईंना तिष्ठत ठेवल्याचं वाईट वाटायचं. दंड आल्यावर लोक ती विकत मिळणारी सेवा समजू लागले.

त्यापेक्षा उशिराचे दोन प्रकार करा. गाड्या बंद पडल्या, घोडबंदरला ट्रॅफिक अडकलं, हे सगळ्यांना दिसतं. त्यासाठी पालकाने साडेसहाच्या आत फोन करावा, एवढंच. तेवढ्या सूचनेवर ताईला घरी कळवता येतं. न कळवता उशीर महिन्यात तीनदा झाला तर समन्वयकाने बोलावून बोलायचं, आणि तरीही चालू राहिला तर पुढच्या सत्राची जागा द्यायची नाही. जास्त वेळ थांबणाऱ्या ताईंना जादा वेळेचे पैसे शाळेने द्यायचे, पालकाने हातात ठेवायचे नाहीत.

शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं इमारतीत, हे मात्र लिहूनच ठेवा. एक ताई ‘मला बस पकडायची आहे’ म्हणून निघून जाते आणि नियम तिथेच मोडतो.

वाफाळ_पातेलं | सोमवार, सकाळी ८:१५

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

सकाळी सहाला भरलेला दुसरा डबा दुपारी तीनला खायला देऊ नये. विशेषतः भात, पुलाव, फोडणीचा भात. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. आपल्याकडच्या दमट हवेत भात चारपाच तास तसाच राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि उलट्या घडवणारं ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तीनच्या सुमारास भात खाल्लेल्या मुलाला सहाच्या आत उलट्या सुरू झाल्या तर हे कारण असू शकतं.

शाळेत गॅस सिलिंडर आणून स्वयंपाक करायच्या भानगडीत पडू नये. जवळच्या महिला बचत गटाकडून नोंदणीकृत स्वयंपाकघरातून गरम खाणं मागवावं. साडेतीनला द्यायचं असेल तर तीनला झाकणाच्या इन्सुलेटेड डब्यात यावं आणि उघडताना साठ अंशांच्या वर असावं. दोनअडीचशे रुपयांचा टोकदार थर्मामीटर त्यासाठी पुरतो. मुलांच्या आधी एका मोठ्या माणसाने चव घ्यावी आणि वाटीभर नमुना फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवावा. कोणाचं पोट बिघडलं तर तपासायला तोच लागतो.

पदार्थ साधे : उपमा, मटार घातलेले पोहे, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, थालीपीठ, केळं. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे सगळ्यात असतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल एखाद्या वर्षी येतंच. त्याच्यासाठी वेगळा डबा काढण्यात चूक होते. त्या वर्षी कूट सगळ्यांच्याच खाण्यातून बंद करणं सोपं. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरून चालतं.

औषध लेखी परवानगी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर मूल वेगळं बसवून पालकांना बोलवायचं. गोळी देऊन सकाळी सोडलेल्या मुलाचा ताप दुपारी बारा-एकला पुन्हा चढतो. म्हणून सकाळच्या नोंदीत ‘आज औषध दिलं आहे का’ हा प्रश्न हवा.

दुपारची_सावली | सोमवार, सकाळी ९:३०

सोयीच्या बाजूचं सगळं पटतं, पण मुलाच्या बाजूने एक शंका. सात वर्षांचं मूल सकाळी सव्वासात ते संध्याकाळी सव्वासात एकाच इमारतीत. बारा तास. मोठ्यांनाही इतकं सलग काम करायला आपण लावत नाही. शाळेने हे सुरू केलं की लवकरच तिथे अबॅकस, फोनिक्स, गृहपाठ घुसणार आणि तो शाळेचा दुसरा भाग होणार. माझ्या मते सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही एकाच मुलाला देऊ नये. आईवडिलांनी ऑफिसच्या वेळा मागेपुढे करून एक टोक स्वतः धरावं.

उपवन_काठ | सोमवार, सकाळी १०:१०

शंका खरी आहे. दोन्ही टोकं बंद करण्याऐवजी मी नऊ तासांची मर्यादा सुचवेन, शाळा धरून. आणि एकटी आई किंवा एकटे वडील असतील तिथे अपवाद.

राहिलं दुपारचं. ती वेळ शाळेसारखी वाटू नये म्हणून काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. आल्याआल्या गणवेश उतरवून घरचे कपडे, बूट-मोजे काढून पाय धुणं. एवढ्या एका गोष्टीने मुलं सैल होतात. मग खाणं. चार ते सहा वर्षांच्यांना तीनपर्यंत पाऊण तास झोप. चारनंतर झोपलेलं मूल रात्री अकरापर्यंत जागं राहतं आणि तक्रार दुसऱ्या दिवशी येते. गाद्यांमध्ये दोन फूट अंतर, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांकडे, म्हणजे खोकला सरळ तोंडावर जात नाही. खोली पूर्ण अंधारी करायची नाही, ताईला चेहरे दिसले पाहिजेत.

ऊन उतरल्यावर साडेचार ते पावणेसहा मैदान. इथे ‘ॲक्टिव्हिटी’ नको. मुलांनी ठरवावं, लंगडी, डबा ऐसपैस, नाहीतर नुसतं कडेला बसणं. गृहपाठाला चाळीस मिनिटं आणि तीही ज्याला हवी त्याला. ताई फक्त जागेवर बसवेल, शिकवणार नाही, हे पालकांना आधीच सांगायचं. शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतंच, त्यामुळे त्याच शाळेच्या शिक्षिकेला इथे जादा पैसे देऊन गृहपाठाला बसवणं चुकीचंच ठरेल.

दुपारची_सावली | सोमवार, सकाळी १०:२५

नऊ तासांची मर्यादा असेल तर माझा विरोध नाही.

कळवा_खाडी | सोमवार, दुपारी १:००

आतापर्यंतची सगळी चर्चा महिना सहा हजार देऊ शकणाऱ्यांची झाली. ठाण्यात सर्वांत लवकर घराबाहेर पडतात त्या घरकाम करणाऱ्या बायका. साडेसहा-सातला पहिलं घर, दुपारी घरी येऊन स्वयंपाक, पुन्हा चार ते आठ. त्यांची मुलं पालिकेच्या शाळेत. शाळा सुटल्यावर धाकट्याला सांभाळायला पाचवी-सहावीतली बहीण असते. आधी ती तिचा खेळ सोडते, मग अभ्यास, आणि घरात कोणी आजारी पडलं की शाळाही.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. सहाच्या पुढच्या मुलाला त्यात जागा नाही, आणि नेमकं तिथूनच प्राथमिक शाळा सुरू होते. पालिकेच्या शाळांत इमारत सरकारी, पोषण आहार रोज मिळतो, मुलं चालत येण्याच्या अंतरावर राहतात. राहतात फक्त दोन ताईंचे पगार आणि संध्याकाळचं खाणं. वरच्याच हिशेबातले दर धरले तर वीस मुलांच्या एका केंद्राला दोन ताई आणि एक मावशी मिळून ४६,०००, मालकाचा हिस्सा ७,०००, खाणं २०,०००, किरकोळ ५,०००. महिना अठ्ठ्याहत्तर हजार. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागणाऱ्या कंपन्या वागळे आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात आहेत. त्यांनी शाळेची भिंत रंगवण्याऐवजी एका केंद्राचे तीन वर्षांचे पगार द्यावेत. तीन वर्षं म्हणते, कारण एका वर्षाच्या देणगीवर सुरू झालेलं केंद्र मार्चमध्ये बंद पडतं आणि आयांनी तोवर त्या भरवशावर दुसरं काम धरलेलं असतं.

फळा_खडू | सोमवार, दुपारी १:३५

पूर्ण अनुमोदन. फक्त एक जोड : पालिकेच्या शाळेत हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. ठरावातच ‘स्वतंत्र मनुष्यबळ’ हे शब्द हवेत.

सेक्टर_सतरा | सोमवार, दुपारी ३:२०

माझा सुरुवातीचा आक्षेप मागे घेतो. पण सोसायट्यांमधल्या पाळणाघरवाल्या काकूंचं काय? खारघर, नेरूळ, कोपरखैरणेत कितीतरी घरं त्यावर चालतात. शाळेने सुरू केलं की त्यांची मोठी मुलं जातील, आणि तान्ही बाळं सांभाळायला जास्त कष्ट, पैसे त्या मानाने कमी.

हजेरीपट | सोमवार, संध्याकाळी ७:४०

त्यांनाच शाळेने आधी विचारावं. मूल सांभाळण्याचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव, त्याच भागात घर, पालकांची ओळख. ताई म्हणून याहून चांगलं कोण मिळणार? ठेकेदारामार्फत माणसं घेऊ नयेत. ठेकेदार माणूस बदलतो तेव्हा पोलिस पडताळणी जुन्याच नावाची राहते.

सुरक्षेचंही लिहून टाकते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकारानंतर शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यावर शासनाने आदेश काढले. ते हवंच. पण कॅमेरा म्हणजे देखरेख नव्हे. खारघरच्या एका पाळणाघरात २०१६ मध्ये बाळाला मारहाण झाली, तिथे कॅमेरा होता. चित्रण पाहिलं गेलं ते नंतर. म्हणून रोज संध्याकाळी समन्वयकाने कुठलीही दहा मिनिटं काढून बघायची आणि वहीत सही करायची. पालकांच्या मोबाइलवर थेट चित्रण द्यायला माझा विरोध आहे. एक पासवर्ड तीस घरांत गेला की तो कुठेही जातो, आणि त्यात दुसऱ्यांची मुलंही कपडे बदलताना दिसतात. त्याऐवजी पालकांनी कधीही न सांगता येऊन दारातून बघावं. स्वच्छतागृहात मदत करणारी ताई ठरलेली, दार अर्धं उघडं, दुसरी ताई नजरेच्या टप्प्यात. काही संशयास्पद कळलं तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; ‘आधी संस्थाचालकांना विचारू’ ही पायरी कायद्यात नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा मदत क्रमांक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर भिंतीला लावा.

घणसोली_पूर्व | सोमवार, रात्री ८:५०

सुट्ट्यांचं राहिलं. पहिली ते पाचवीला वर्षात किमान दोनशे दिवस शाळा, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. प्रत्यक्षात थोडे जास्त भरतात. पाच दिवसांच्या आठवड्याचं ऑफिस साधारण अडीचशे दिवस. म्हणजे तीसचाळीस दिवस मूल घरी आणि आईवडील कामावर. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी डे-केअरने चालू ठेवायची का, हे जूनमध्येच जाहीर झालं पाहिजे. सुट्टीत दिवसभर सांभाळायचं म्हणजे जेवणही आलं, दर वेगळा. ताईंनाही सुट्टी हवी, म्हणून दिवाळीचे मुख्य पाच दिवस, गणपतीचे दोन आणि मेमधला एक आठवडा पूर्ण बंद, बाकी चालू, असं जमू शकतं. गणपतीत कोकणात जाणाऱ्या ताईंच्या रजा जुलैमध्येच विचारून ठेवा.

पावसाची सुट्टी मात्र वेगळी. प्रशासनाने अतिवृष्टीमुळे शाळा बंद केल्या तर डे-केअरही बंद, पालकांनी कितीही विनंती केली तरी. आणि पाऊस दुपारी वाढला, मुलं आत आहेत, कुर्ला-शीवला पाणी भरून गाड्या थांबल्या, या प्रसंगासाठी तीस मुलांच्या खिचडीचं डाळ-तांदूळ, इंडक्शन, चार टॉर्च, प्यायच्या पाण्याचे पाच जार आणि प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात.

मानपाडा_नाका (धागालेखक) | सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत न्यायचं तर क्रम कसा ठेवावा?

फळा_खडू | सोमवार, रात्री १०:४०

आधी मागणी मोजा. ‘तुम्हाला डे-केअर हवं का’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘सकाळ, दुपार की दोन्ही; कोणते वार; ६,००० आणि १,५०० या दराने; पहिल्या सत्राचं शुल्क आगाऊ’ असं विचारलं की खरा आकडा येतो. सत्तर जणांनी हो म्हटलं तर आगाऊ भरणारे तीस निघतील असं धरून चाला.

तो आकडा आणि तळमजल्याच्या खोल्यांचा नकाशा घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे, त्याप्रमाणे शुल्काचा प्रस्ताव संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. हे शुल्क ऐच्छिक आहे आणि मूळ शुल्कात कधीही मिसळलं जाणार नाही, ही नोंद इतिवृत्तात करून घ्या. हिशेबासाठी बँक खातं वेगळं. स्कूलबसचा प्रश्नही त्याच बैठकीत काढा, कारण सव्वासातला बस नसते आणि पालकाला स्वतःच यावं लागतं, हे काहींना प्रवेश घेतल्यावर कळतं.

सुरुवात जूनमध्ये करू नका. पहिलीची नवी मुलं, पाऊस, आजारपण सगळं एकदम येतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बारा-पंधरा मुलांवर दुपारचं सुरू करा. तेवढ्यांना दोन ताई आणि एक मावशी पुरतात. तोटा किती होईल ते आधी काढून तो शाळेने एका सत्रापुरता सोसायचा, असं लेखी घ्या. सकाळचं जानेवारीत जोडा.

हजेरीपट | सोमवार, रात्री ११:००

आणि हजेरीच्या कागदावर ‘आज न्यायला कोण येणार’ हा रकाना सकाळीच भरून घ्या. मूल सोडताना पालक घाईत असतात, म्हणून नावाऐवजी एक ते चार असा फोटोचा क्रमांक लिहायचा. दोन सेकंदांत होतं. संध्याकाळी ताईने आलेल्याचा चेहरा त्या क्रमांकाच्या फोटोशी जुळवायचा आणि मगच मुलाला हाक मारायची. हाक आधी मारली की मूल बॅग घेऊन धावत सुटतं आणि कागद बघायचा राहून जातो.